सोशल सर्व्हिसेसकडची आपली फाइल कशी मागवायची: इंग्लंडमधल्या मराठी आईवडिलांसाठी

“परत असा रस्त्यावर पळालास ना, तंगडं मोडून ठेवीन!” सासूबाई माझ्या पाच वर्षांच्या मुलाला ओरडल्या, आणि पुढच्याच क्षणी त्याला पोटाशी धरून रडायला लागल्या. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं ही गोष्ट शाळेत बाईंना सांगितली. इंग्रजीत, शब्दाला शब्द ठेवून. रस्ता, गाडी, आजीचं रडणं यातलं काही त्यानं सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर कुणी लिहून घेतलं नाही.

आठवड्याभरात कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची, सोशल वर्कर दारात उभी. घर पाहिलं, मुलाशी एकट्यानं बोलली, शाळेला आणि डॉक्टरांना विचारलं. दीडेक महिन्यानं पत्र आलं की चौकशी संपली, पुढे काही कारवाई नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाही. चार वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा घरी आलेल्या हेल्थ व्हिजिटरनं, म्हणजे लहान बाळाची विचारपूस करायला येणाऱ्या नर्सनं, सहज विचारलं, “तुमच्या कुटुंबाची आधीची एक नोंद दिसते, त्याबद्दल काही सांगाल का?” त्या दिवशी मला कळलं की केस बंद होते, फाइल बंद होत नाही.

मग मी ती मागवली. दोनशे चौदा पानं आली. त्यात एक वाक्य होतं: ‘घरात राहणाऱ्या आजीने मुलाचे पाय मोडण्याची धमकी दिली आहे, आईला हे गंभीर वाटत नाही.’ सासूबाई तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. आणि मला ते गंभीर वाटत नाही असं जिथे लिहिलं होतं, तिथे मी खरं तर मराठीत ‘तंगडं मोडणे’ म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

अशी फाइल तुमच्याही नावाची कुठल्यातरी कौन्सिलमध्ये असेल तर ती मागवण्याचा तुम्हाला हक्क आहे. कसा, ते इथे सविस्तर लिहिते. मी वकील नाही. पण हा रस्ता मी स्वतः चालले आहे, आणि नंतर ओळखीच्या काही आईवडिलांसोबत बसून त्यांचे अर्ज लिहून दिले आहेत.

हक्क कुठून येतो

यूके जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या इथल्या कायद्याचं कलम १५ आणि २०१८ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुठल्याही संस्थेनं तुमच्याबद्दल जी माहिती ठेवली आहे तिची प्रत मागायचा हक्क त्यातून मिळतो. अशा मागणीला इथे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, बोलताना नुसतं ‘सार’. पैसे लागत नाहीत. २०१८ च्या आधी दहा पौंड भरून चाळीस दिवस थांबावं लागायचं, त्यामुळे जुन्या लोकांकडून तसं ऐकलं तर घाबरू नका. का मागताय हे सांगण्याचं बंधन नाही. तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात की वर्क व्हिसावर, याचा या हक्काशी संबंध नाही. पुण्याला कायमचे परत गेला असाल तरी तिथून ईमेलनं अर्ज करता येतो.

सोशल वर्करनं तुमच्याबद्दल मांडलेलं मतसुद्धा तुमचीच माहिती धरली जाते. ‘आई बचावात्मक वाटली’, ‘वडील सहकार्य करत नाहीत’ ही वाक्यं तुमच्याबद्दल आहेत, म्हणून ती तुम्हाला मिळायला हवीत.

हा हक्क किती मोलाचा आहे हे एका खटल्यावरून कळतं. १९८७ मध्ये लंडनमधल्या एका आईची चार वर्षांची मुलगी कौन्सिलनं ताब्यात घेतली. मुलीनं मुलाखतीत अत्याचार करणाऱ्याचं पहिलं नाव सांगितलं होतं, आणि आईच्या जोडीदाराचं पहिलं नावही तेच होतं. ती मुलाखत आईला दाखवली गेली नाही. जवळजवळ वर्षानं तिचा लेखी मजकूर वकिलांच्या हाती आला, तेव्हा दिसलं की ‘त्याला घरातून हाकललंय’ असं मुलगी स्वतःच सांगत होती. म्हणजे तो माणूस वेगळाच होता. मुलगी घरी परतली, पण वर्ष गेलं ते गेलंच. २००१ मध्ये टी.पी. आणि के.एम. विरुद्ध युनायटेड किंग्डम या निकालात युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं म्हटलं की ती मुलाखत आईला दाखवायची की नाही हा प्रश्न कौन्सिलनं तातडीनं कोर्टापुढे न्यायला हवा होता, तसं न केल्यानं मायलेकींच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला. चार ओळींचा कागद वेळेवर मिळाला असता तर काय वाचलं असतं, याचा विचार मी अजून करते.

अर्ज करण्याआधी दोन प्रश्न

पहिला: तुमच्या मुलांबद्दल फॅमिली कोर्टात खटला सुरू आहे का? असेल तर आधी वकिलाशी बोला. कोर्टात कागद मिळण्याचा मार्ग वेगळा आहे, तो जास्त वेगवान आहे आणि न्यायाधीश कौन्सिलला आदेश देऊ शकतात. कौन्सिलनं मूल ताब्यात घेण्यासाठी केअर प्रोसीडिंग्ज सुरू केली असतील तर आईवडिलांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते कर्ज काढून बसतात. कोर्टाकडे सादर झालेले काही अहवाल सारमधून वगळलेही जातात.

दुसरा: तुम्हाला हवी ती माहिती खरोखर कौन्सिलकडेच आहे का? इंग्लंडमध्ये मुलांची सोशल सर्व्हिस कौन्सिल चालवते, पण तिला माहिती पुरवणारे वेगळे असतात आणि प्रत्येकाची फाइल स्वतंत्र. शाळेकडे बालसुरक्षेची स्वतःची नोंदवही असते. हेल्थ व्हिजिटर आणि हॉस्पिटल बहुधा एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, वेगवेगळ्या ट्रस्टखाली येतात. पोलिसांकडे त्यांचं. कोर्टात गेलेल्या केसमध्ये मुलाच्या बाजूनं अहवाल देणारी कॅफकॅस ही आणखी वेगळी संस्था. कौन्सिलला अर्ज केला म्हणजे हे सगळं येत नाही. माझ्या मुलानं शाळेत नेमकं काय सांगितलं ते मला कौन्सिलच्या फाइलमधून नाही, शाळेच्या नोंदीतून कळलं. बाईंनी ‘रस्त्याजवळ’ हा शब्द लिहिला होता. पुढे जाताना तो गळला.

तुम्ही ज्या काळात ज्या भागात राहत होता त्या भागाची कौन्सिल धरा. स्लाउमधून मिल्टन कीन्सला घर हलवलं असेल तर दोन अर्ज.

माझं काय, मुलाचं काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

फाइल बहुतेक वेळा मुलाच्या नावानं असते. तुम्ही तिच्यात ‘आई’ किंवा ‘वडील’ म्हणून येता. ‘माझ्या मुलाची फाइल द्या’ एवढंच लिहिलं तर कौन्सिल ती मुलाची मागणी समजते, आणि मुलाच्या माहितीवरचा हक्क मुलाचाच असतो. मूल लहान असेल तर पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे पालक म्हणून कायद्यानं मिळणारी जबाबदारी, असलेले आईवडील त्याच्या वतीनं मागू शकतात, पण कौन्सिल दरवेळी पाहते की हे मुलाच्या हिताचं आहे का. मूल समजत्या वयाचं झालं, साधारण बाराच्या पुढे गेलं, की त्याचीच संमती विचारतात. इंग्लंडमध्ये कायद्यानं वयाची पक्की रेघ आखलेली नाही, मुलाची समज पाहिली जाते. मुलानं विश्वासानं सांगितलेली, आईबाबांना कळू नये या अपेक्षेनं सांगितलेली गोष्ट कायद्यानं राखून ठेवता येते. बाल अत्याचाराशी संबंधित माहितीला तर आणखी कडक नियम आहे.

पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी आईला जन्मापासून असते. वडिलांचं आईशी लग्न झालेलं असेल तर त्यांनाही. लग्न झालेलं नसेल, पण १ डिसेंबर २००३ नंतर इंग्लंड किंवा वेल्समध्ये नोंदलेल्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव असेल तरीही. मूल कौन्सिलच्या केअरमध्ये गेलं तरी ही जबाबदारी आईवडिलांकडून जात नाही, कौन्सिलशी वाटली जाते. दत्तक आदेश झाला तर मात्र संपते.

म्हणून माझा सल्ला असा: अर्जात दोन भाग स्पष्ट वेगळे लिहा. ‘क’ भागात माझ्याबद्दलची सगळी माहिती, मग ती माझ्या मुलाच्या, नवऱ्याच्या किंवा कुणाच्याही फाइलमध्ये असो. ‘ख’ भागात मुलाबद्दलची माहिती, त्याच्या वतीनं. असं केलं की ‘ख’ भाग अडला तरी ‘क’ भाग अडवून ठेवायला कारण उरत नाही.

नवरा, सासू, दीर यांची माहिती ही त्यांची. पण ते संमती देऊ शकतात. सासूबाईंनी साताऱ्याहून सही करून एक साधं पत्र पाठवलं: ‘माझ्याबद्दलची जी माहिती सुनेच्या फाइलमध्ये आहे ती तिला द्यायला माझी हरकत नाही’, सोबत पासपोर्टची प्रत. त्या एका कागदामुळे त्यांच्याबद्दलच्या ओळी झाकल्या गेल्या नाहीत. नवऱ्याचं संमतीपत्रही पहिल्याच दिवशी जोडा.

एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. घरात मारहाण, धाक असेल, नवरा-बायको वेगळे झाले असतील, तर संमतीच्या फंदात पडू नका. स्वतःपुरता अर्ज करा. दुसऱ्याला उघडता येणार नाही असा ईमेल द्या आणि ‘घरच्या पत्त्यावर काहीही टपालानं पाठवू नये’ हे पहिल्याच ओळीत लिहा.

अर्ज लिहिताना

ठरावीक फॉर्म भरण्याची सक्ती नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर फॉर्म असेल तर सोयीचा असतो, पण साधा ईमेलही चालतो, तोंडी मागणीही कायद्यानं चालते. तोंडी मागणीचा पुरावा मात्र राहत नाही, म्हणून मी लेखीच सांगेन. पाठवायचा पत्ता ‘डेटा प्रोटेक्शन ऑफिसर’ किंवा ‘इन्फर्मेशन गव्हर्नन्स’ विभागाचा. सोशल वर्करला प्रत पाठवली तरी चालते, पण फक्त तिलाच पाठवू नका. तिची नोकरी बदलली तर ईमेल तिथेच पडून राहतो.

फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनचा अर्ज करू नका. आपल्याकडचा माहिती अधिकार डोक्यात असतो म्हणून बरेच मराठी लोक तिकडे वळतात. स्वतःबद्दलच्या माहितीसाठी इथे तो रस्ता नाही.

आता नावांचं. हे इथल्या लोकांना सुचत नाही, आपल्यालाच सांगावं लागतं. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या जागी जातं. माझ्या मुलाची एक नोंद माझ्या नवऱ्याचं पहिलं नाव आडनाव समजून केली होती, आणि ती शोधात सापडतच नव्हती. म्हणून स्वतःचं माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘व’ साठी इंग्रजीत लिहिलेली दोन्ही अक्षरं, ‘श्री’ची आणि ‘ज्ञ’ची जितकी म्हणून स्पेलिंगं कुणी केली असतील ती, घरी हाक मारायचं नाव, सगळं लिहून द्या. जुने पत्ते आणि जन्मतारखाही.

मजकूर इंग्रजीत लिहायचा, पण आशय साधारण असा ठेवा:

*विषय: सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, यूके जीडीपीआर कलम १५.*

*माझ्याबद्दल तुमच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेस विभागाकडे अमुक वर्षापासून आजपर्यंत असलेल्या सर्व वैयक्तिक माहितीची प्रत मला हवी आहे. त्यात पुढील गोष्टी शोधाव्यात: आलेली रेफरल्स (माझ्या कुटुंबाबद्दल कळवलेल्या काळज्या) आणि त्यांवर घेतलेले निर्णय, केस नोट्स आणि क्रोनॉलॉजी, असेसमेंट, स्ट्रॅटेजी डिस्कशन आणि चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्सची टिपणं, सुपरव्हिजनमध्ये (सोशल वर्करच्या मॅनेजरसोबतच्या बैठकांत) माझ्या केसबद्दल झालेल्या नोंदी, माझ्याबद्दलचे ईमेल आणि अंतर्गत मेसेज, फोन आणि भेटींची टिपणं, दुभाष्याची नेमणूक कधी, कोणत्या भाषेसाठी झाली त्याची नोंद. माहिती कुठून आली आणि कुणाकुणाला दिली हेही कळवावं. काही माहिती रोखत असाल तर कोणत्या तरतुदीखाली ते लिहावं. उत्तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात या ईमेलवर पाठवावं.*

दुभाष्याची नोंद मागायला विसरू नका. आमच्याकडे आलेला दुभाषी हिंदीचा होता. मराठीचा मिळाला नाही म्हणून हिंदीचा, आणि मला हिंदी येतं म्हणून मी हो म्हटलं. फाइलमध्ये मात्र ‘भाषा: हिंदी’ एवढंच होतं. पुढे जेव्हा मी वाक्यांच्या अर्थाबद्दल हरकत घेतली तेव्हा हीच ओळ कामाला आली: संभाषण आमच्या भाषेत झालंच नव्हतं.

‘सगळं द्या’ म्हणावं की नेमकं मागावं? फाइल छोटी असेल तर सगळं मागा. वर्षानुवर्षांची असेल तर कौन्सिल नेमकं काय हवं ते विचारू शकते, आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत घड्याळ थांबतं. शोधही ‘वाजवी आणि प्रमाणात’ असावा एवढीच अपेक्षा २०२५ च्या नव्या कायद्यानं स्पष्ट लिहून ठेवली आहे. तुम्ही तारखा, माणसं, प्रसंग सांगितले तर ‘शोधलं, सापडलं नाही’ म्हणणं अवघड होतं.

मुदत

अर्ज पोचल्यापासून एक कॅलेंडर महिना. ५ मार्चला पोचला तर ५ एप्रिल; ३१ जानेवारीला पोचला तर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस; सुटी आली तर पुढचा कामाचा दिवस. ओळखपत्र मागितलं तर ते मिळाल्यावर मोजणी सुरू होते, म्हणून पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा आधीच जोडा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण ते पहिल्या महिन्याच्या आत कारणासह कळवायला हवं.

खरं सांगायचं तर सोशल केअरच्या फाइलला उशीर होणं नेहमीचं आहे. पानन् पान कुणीतरी वाचून झाकत असतं. तरी मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: अर्ज कधी पोचला, मुदत कधी संपली, उत्तर कधी देणार. रागावून पाच पानं लिहू नका. एका वहीत तारीख, कोण बोललं, काय बोललं एवढं लिहीत जा. पुढे तक्रार करावी लागली तर ती वहीच तुमची साक्षीदार.

अर्ज आल्यावर माहिती दडवण्यासाठी ती बदलणं किंवा नष्ट करणं हा २०१८ च्या कायद्याच्या कलम १७३ खाली गुन्हा आहे. हे धमकी म्हणून लिहू नका. मनात भीती असेल तर धीर म्हणून माहीत असू द्या.

फाइल आली

रात्री एकटीनं उघडू नका. मी उघडली. पहाटे तीनपर्यंत स्वयंपाकघरात बसून वाचत होते आणि सकाळी मुलाला डबा देताना हात थरथरत होते. स्वतःच्या घराचं वर्णन परक्याच्या शब्दांत वाचणं फार जड जातं: ‘घर स्वच्छ, खेळणी कमी’. दिवसा बसा. सोबत कुणीतरी असू द्या. पहिल्या दिवशी फक्त चाळा.

दुसऱ्या वाचनाला कागद-पेन घ्या आणि क्रोनॉलॉजीपासून, म्हणजे घटनांच्या तारीखवार यादीपासून, सुरुवात करा. तीन प्रकारच्या खुणा करा: चुकीची वस्तुस्थिती, म्हणजे तारीख, नातं, पत्ता, तुम्हाला न पटलेलं मत, आणि उल्लेख आहे पण कागद नाही अशा जागा. ‘१४ तारखेच्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे’ असं लिहिलंय आणि १४ तारखेचं टिपण नाही, तर ते मागायचं.

काही शब्द फाइलमध्ये पुन्हापुन्हा येतील. सेक्शन १७ म्हणजे १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली कुटुंबाला मदत लागते का याची पाहणी. सेक्शन ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजेची शक्यता आहे का याची चौकशी. दोन्हींत खूप फरक आहे; तुमची केस कोणत्या कलमाखाली होती ते आधी शोधा. असेसमेंटला, म्हणजे कुटुंबाच्या पाहणीला, जास्तीत जास्त ४५ कामाचे दिवस, आणि स्ट्रॅटेजी डिस्कशननंतर, म्हणजे सोशल सर्व्हिसेस, पोलीस वगैरेंच्या आपसातल्या चर्चेनंतर, बालसुरक्षेची पहिली बैठक (कॉन्फरन्स) १५ कामाच्या दिवसांत, या मुदती सरकारी मार्गदर्शनात आहेत. तुमच्या फाइलमधल्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहा.

काळ्या पट्ट्या

काही ओळी, कधी अख्खी पानं काळी असतील. त्यातलं काही योग्य असतं.

कुणी तक्रार केली त्याचं नाव बहुधा मिळणार नाही. १९७७ मध्ये डी विरुद्ध एनएसपीसीसी (मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था) या खटल्यात एका आईनं हेच मागितलं होतं. तिच्या चौदा महिन्यांच्या मुलीला मारहाण होते अशी खोटी खबर कुणीतरी दिली होती, आणि तिला ते नाव हवं होतं. तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं नकार दिला. नावं उघड झाली तर खऱ्या संकटातल्या मुलांबद्दलही लोक गप्प बसतील, हे कारण. मला हे पटतं. शेजारीण होती की शाळा, या तर्कात मीही कित्येक रात्री घालवल्या, त्यातून हाती काही लागलं नाही.

इतर माणसांची खासगी माहिती, वकिलांनी कौन्सिलला दिलेला सल्ला, आणि उघड केल्यानं कुणाच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल अशी माहिती, हेही रोखता येतं. पण ‘गंभीर इजा’ म्हणजे तुम्हाला वाईट वाटेल एवढं नव्हे. आणि सोशल वर्करचं नाव ‘तिसरी व्यक्ती’ म्हणून सर्रास झाकता येत नाही. ती तिचं काम करत असताना लिहीत होती. माझ्या फाइलमध्ये मॅनेजरचं नाव प्रत्येक पानावर काळं होतं. मी ईमेलनं कारण विचारलं, दोन आठवड्यांनी तीच पानं नावासह आली.

मुलानं एकट्यानं सोशल वर्करला सांगितलेला भाग काळा असेल तर त्याला विचारू नका, “तू काय बोललास?” त्याच्याकडे तेवढी एक जागा होती जिथे तो मोकळेपणानं बोलू शकला. ती त्याची असू द्या.

अजून एक. फॅमिली कोर्टाचे कागद असतील तर ते व्हॉट्सॲपच्या मंडळाच्या ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नका. कोर्टाचा अवमान ठरू शकतो. वकील आणि सल्ला देणाऱ्या संस्था सोडून कुणाला दाखवायचं ते आधी विचारा. इंग्लंडमधल्या कुटुंबांना सोशल सर्व्हिसेसबद्दल मोफत सल्ला देणारी फॅमिली राइट्स ग्रुप ही संस्था आहे, त्यांच्याशी बोलता येतं.

उत्तर अपुरं असेल तर

आधी कौन्सिललाच लिहा. कोणता कागद राहिला, कोणत्या पानावरची पट्टी पटत नाही, क्रमांकासह. तरीही काही झालं नाही तर माहिती-संरक्षणाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाकडे, म्हणजे आयसीओकडे तक्रार करा. पैसे लागत नाहीत, हेल्पलाइन ०३०३ १२३ १११३. कौन्सिलच्या शेवटच्या ठोस उत्तरापासून तीन महिन्यांच्या आत त्यांच्याकडे जावं. आयसीओ कौन्सिलला कायदा पाळायला सांगू शकतं, भरपाई देत नाही. कोर्टात जाऊन माहिती देण्याचा आदेश मागता येतो, पण त्याचा खर्च आणि ताण पाहता मी तो शेवटचा उपाय मानते.

सोशल वर्करच्या वागण्याबद्दल, निर्णयाबद्दल तक्रार ही वेगळी गोष्ट. ती कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे, साधारण वर्षाच्या आत, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे. दोन्ही तक्रारी एका पत्रात मिसळल्या की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

चूक दुरुस्त करून घेणं

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे होतं. यूके जीडीपीआरच्या कलम १६ खाली चुकीची माहिती दुरुस्त करून मागता येते, तिलाही एक महिन्याची मुदत. पण समजून घ्या: जे मत त्या वेळी खरोखर कुणाचं होतं, ते ‘चुकीचं’ म्हणून पुसलं जात नाही. माझा मुलगा ते वाक्य बोलला होता, म्हणून ‘मुलाने असे सांगितले’ ही नोंद राहणारच, असं कौन्सिलनं कळवलं. ते बरोबरच होतं.

मग मी दोन याद्या केल्या. पहिलीत वस्तुस्थिती: आजी घरात राहत नव्हत्या, व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या, सोबत पासपोर्टवरचे शिक्के. मुलाचं आडनाव चुकलंय, जन्मदाखला. दुभाषी मराठीचा नव्हता. दुसऱ्या यादीत खुलासा, एका पानाचा: तंगडं मोडणे हा मुलाला धाकात ठेवण्यासाठी मराठी घरांत सर्रास वापरला जाणारा वाक्प्रचार आहे, त्याचा शब्दशः अर्थ कुणी घेत नाही, प्रसंग रस्त्यावरचा होता, शाळेच्या मूळ नोंदीत तसा उल्लेख आहे, प्रत जोडली आहे. हा खुलासा त्या नोंदीला कायम जोडलेला राहावा, अशी विनंती. जितकं लहान लिहाल तितकं ते जोडलं जाण्याची शक्यता जास्त. माझा पहिला मसुदा सात पानांचा होता, मैत्रिणीनं तो एका पानावर आणला.

हे सगळं कशाला, केस तर बंद आहे, असं मला घरातूनच विचारलं गेलं. कारण या नोंदी वर्षानुवर्षं राहतात. कौन्सिलच्या केअरमध्ये राहिलेल्या मुलाची फाइल तर त्याच्या जन्मापासून पंचाहत्तर वर्षं ठेवायची असते. उद्या माझा मुलगा मोठा होऊन स्वतःची फाइल मागवेल, तेव्हा त्यात त्याच्या आजीचं काय चित्र असावं, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

दुरुस्ती झाली की दोन गोष्टी लेखी मागा: दुरुस्त पानाची प्रत, आणि चुकीची माहिती आधी ज्यांना दिली होती त्यांना कळवल्याची खात्री. शक्य तिथे ते कळवणं कौन्सिलचं कर्तव्य आहे, यूके जीडीपीआरचं कलम १९. आमच्या बाबतीत शाळा आणि हेल्थ व्हिजिटरचा विभाग अशी दोन ठिकाणं होती. दोन्हीकडे पत्रं गेली. दुरुस्त पानावर आता लिहिलं आहे: ‘आजी भारतात राहतात. प्रसंगाच्या वेळी मूल गाडीसमोर धावले होते. पालकांचा खुलासा सोबत जोडला आहे.’ ते पान मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.